आडवं बाळ आणि अंजनगावचं कुलूप

अमरावतीच्या डॉक्टरणीनं पोटावर ते थंडगार जेल फासलं, मशीन फिरवलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाळ आडवं आहे."

सातवा संपत आला होता. मी विचारलं, "आडवं म्हणजे?"

तिनं दोन्ही तळवे माझ्या पोटाच्या दोन बाजूंना ठेवले. "डोकं इकडे, पाय तिकडे. अजून वेळ आहे, बहुतेक बाळं फिरतात. नाही फिरलं तर सिझर करू. त्यात विशेष काही नाही."

तिच्यासाठी नसेल. मला त्या टेबलावर पडल्या पडल्याच तिचा राग आला, तिच्या मशीनचा आला आणि खरं सांगायचं तर बाळाचाही आला. जगभरची लेकरं डोकं खाली घालून गुमान वाट बघतात आणि हे दुपारच्या पाहुण्यासारखं आडवं पसरलेलं. माझा स्वभाव रागीट आहे. आई म्हणते जन्मल्या जन्मल्या मी रडले नव्हते, भांडले होते.

मला नॉर्मल बाळंतपणच पाहिजे होतं. हट्टानं पाहिजे होतं. त्यात बाळाच्या भल्याचा विचार तिळभरही नव्हता, माझ्या तब्येतीचाही नव्हता. मला एका विनोदाची भीती वाटत होती, आणि तो विनोद मीच केलेला होता.

माझं सासर अंजनगाव सुर्जीचं. घरचा मळा आहे. वांगी, कोबी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहाटे माल तोडायचा, जुड्या बांधायच्या, पोती शिवायची. या घरात बाईची किंमत ती किती ओझं उचलते यावर ठरते. सासूला पाच लेकरं झाली, त्यातलं एक तर वांग्याच्या वाफ्यापाशीच, आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. हे ती आल्यागेल्याला सांगते. माझ्या मोठ्या जावेचं मात्र सिझर झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि घरात तिचं नाव पडलं होतं, टाक्याची. "ते नोको उचलू, तू टाक्याची आहेस." हे काळजीनं म्हणत नसत. टोमणा असे. सासूचं ठाम मत होतं की कळा सोसवल्या नाहीत म्हणून थोरलीनं पोट फाडून घेतलं, आणि मळ्यातलं काम चुकवायला जन्माचं निमित्त करून ठेवलं.

माझी पहिली संक्रांत. हळदीकुंकवाला ओसरीत पंधरावीस बाया बसल्या होत्या आणि जाऊ तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. कुणीतरी तिच्या मुलाचं कौतुक केलं. मी नवी होते, मला माझी हुशारी दाखवायची होती. मी म्हणाले, "ताईच्या पोराले दार सापडलंच नाई. खिडकीतून आलं बिचारं!"

बाया लोटपोट हसल्या. सासूनं माझ्या पाठीवर थाप मारली. "लय बोलकी आहे बाप्पा माई लहानी सून!" जावेनं ताट उचललं आणि आत गेली. मी दोन दिवस खूश होते.

आता कळलं असेल मला कशाची भीती होती ती. ते पंधरावीस चेहरे माझ्या बाळाच्या बारशाला येणार होते.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं माहेर अकोटला. अमरावतीहून सोनोग्राफी करून आल्यावर दोनच दिवसांत मला अकोटला सोडणार होते. निघायच्या आदल्या दिवशी जाऊ माझ्या खोलीत आली. हातात एक गाठोडं होतं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेलं, वर दुहेरी गाठ.

"माह्या पोराचे झबले आहेत," ती म्हणाली. "धुवून ठेवले. लेकराले पहिले जुनेच कपडे घालतात. आज उघडून पायजो."

दारात सासू उभी होती. जाऊ आणखी काही बोलणार होती असं वाटलं, पण सासूला बघून ती वळली आणि गेली.

मी ते उघडलं नाही. आडव्या बाळाची बातमी ऐकून आली असणार, मनात उकळ्या फुटत असणार, असंच मला वाटलं. शिवाय सिझरच्या पोराचे कपडे माझ्या पोराला घालून मी काय सिझर ओढवून घेऊ? शिकलेली बाई आहे मी, बी.ए. झालेली, आणि हा विचार मी पूर्ण शुद्धीत केला. गाठोडं कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबलं, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली. कुलूप मी नेहमीच लावत असे. माझ्या पाठीमागं जाऊ माझ्या साड्या नेसून बघते असा माझा संशय होता. पुरावा काही नव्हता. संशय होता.

अकोटला आल्यावर मी बाळाला फिरवायच्या मागं लागले. रोज उकिडवं बसून पूर्ण घर पुसायचं. रांगायचं. कमरेखाली उशा रचून, डोकं खाली करून पडायचं. मोबाईलवर एका बाईनं सांगितलं होतं की पोटाच्या खालच्या बाजूला बॅटरीचा उजेड दाखवला की बाळ तिकडं डोकं वळवतं. मी तेही केलं. आई भाकरी थापता थापता बघत होती. म्हणाली, "त्याले का अकोल्याची गाडी पकडाची आहे का, बॅटरी दाखवून राहिली?" आई माझ्याच जातकुळीची, तिला कुणाची दया येत नाही.

नवऱ्याला फोन केला की तो म्हणायचा, होईल सगळं नीट. त्याला मत विचारलं की तो मोटर बंद करायला विहिरीवर जातो. अजूनही जातो.

नवव्या महिन्यात अकोल्याच्या डॉक्टरणीनं तपासलं. बाळ तसंच आडवं. तिनं सिझरची तारीख दिली आणि आईला समोर बसवून सांगितलं, "त्याआधी पाणी गेलं तर घरी एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही. बाळाचं डोकं खाली नाही, त्यामुळे वाट मोकळी आहे. पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. नाळ दबली की बाळ जातं. समजलं?"

आई म्हणाली, समजलं. मी पण म्हणाले. समजलं होतं दोघींनाही. पण मला वाटत होतं अजून बारा दिवस आहेत, बारा दिवसांत हत्तीसुद्धा कूस बदलतो.

चौथ्या दिवशी दुपारी सासू एसटीनं अकोटला येऊन थडकली. बरोबर एक म्हातारी सुईण होती. वाळलेली, कोपरापर्यंत गोंदलेली. "हिनं लय लेकरं फिरवले," सासू म्हणाली. "एरंडीचं तेल लावून चोळलं का झालं. कापाकापी कायले पाहजे?"

तेवढ्यात जावेचा फोन आला. ती मला कधी फोन करत नसे. आवाज दबका होता. सासूला आम्ही दोघी मामी म्हणतो. "मामी सुईन घेऊन तिकडं आली न? पोटाले हात लावू देजो नोको. आयक माह्यं."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "काहून? माह्यंही तुमच्यासारखंच व्हावं वाटते का तुमाले?"

पलीकडून फोन कट झाला.

मी गादीवर पडले, पातळ वर केलं. म्हातारीनं तेल लावलं, दोन्ही हात पोटावरून एकदा सावकाश फिरवले. उजवीकडं थांबली, दाबून बघितलं. डावीकडं थांबली. मग हात उचलले आणि पदराला पुसले.

"हे माह्या हातचं काम नाई," ती म्हणाली. "लेकरू मोठं झालं, जागा उरली नाई. जबरीनं फिरवलं तर नाळीचा फास बसन. दवाखान्यात न्या इले."

सासू म्हणाली, "अव, तू तर म्हनत होती..."

"पोट पाह्यलं नव्हतं तवा म्हनत होती." तिनं आईनं दिलेला ब्लाऊजपीसही घेतला नाही. काम केलं नाही तर घेऊ कायले, म्हणाली, आणि चारच्या गाडीनं परत गेली. त्या घरात त्या दिवशी एकच शहाणी बाई होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. मला तिचाही राग आला.

सासू मात्र राहिली. सुईण हरली म्हणून ती हरणारी नव्हती. आमच्या भागात बाईची सुटका अडली की घरातली कुलपं उघडतात, पेट्या उघडतात, बांधलेल्या गाठी सोडतात. घरात काही बंद असलं तर पोटातलंही बंद राहतं, असा हिशेब. सासूनं त्याच संध्याकाळी अकोटचं घर उघडायला घेतलं. गहू ठेवायची कोठी, बाबांची सुटकेस, कपाट, शिलाई मशीनचं झाकण. आईची वेणी सोडायला लावली, माझी सोडली. मच्छरदाणीच्या दोऱ्यासुद्धा सोडल्या आणि आम्हाला डासांनी फोडून काढलं. बाळ हललं नाही.

सकाळी चहा पिता पिता सासूचा कप हातातच थांबला. "तुह्या कपाटाले कुलूप आहे न? अंजनगावले?"

मी म्हणाले, आहे.

"मंग कसं फिरन लेकरू!" तिनं कपाळावर हात मारला. "चावी दे."

मला चावी द्यायची नव्हती. जावेच्या हातात माझं कपाट! पण नॉर्मलसाठी मी तेव्हा काय वाटेल ते दिलं असतं. बाबा नऊच्या गाडीवर गेले आणि अंजनगावकडं जाणाऱ्या कंडक्टरजवळ चावी दिली. आमच्याकडं डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका सगळं असंच जातं. स्टँडवर जाऊ उभी राहील, चावी घेईल, घरी जाऊन कुलूप उघडेल, असं ठरलं.

सव्वानऊला मी मोरीतून बाहेर येत होते आणि पायाखाली पाणी झालं. आधी वाटलं बादली हिंदकळली. मग कळलं. कोमट होतं, आणि थांबत नव्हतं.

आई म्हणाली, "गाडी बोलवते."

सासू म्हणाली, "थांब वो थोडं. चावी पोचूनच राहिली. कुलूप उघडलं का लेकरू फिरन, मंग निवांत जाऊ. आता गेलो तर डॉक्टरीन पयले चाकूच काढन."

आईनं माझ्याकडं बघितलं. सासूला विचारून आई काही करणार नव्हती, तिला माझं उत्तर पाहिजे होतं. डॉक्टरणीचा शब्द मला पाठ होता. एक मिनिटसुद्धा नाही. मी पंधरावीस हसणारे चेहरे बघितले आणि म्हणाले, "थांबू थोडं."

हे मी म्हणाले. सासू नाही, आई नाही. आणि लेकरू माझ्या पोटात होतं.

मी खुर्चीवर बसून राहिले. खाली जुनी चादर. आई दारापासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून दारापर्यंत फिरत होती. सासू हातात फोन धरून. दर पाच मिनिटांनी ती जावेला विचारत होती, आली का गाडी, आली का गाडी. कशासाठी घाई आहे ते तिनं सांगितलंच नाही. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. सासूनं स्पीकर लावला.

"उघडलं कुलूप," जावेचा आवाज. "आत माह्यं गाठोडं आहे. जसं देल्लं तसंच. गाठही सोडली नाई. गाठी सोडून राहिल्या न तुमी? हे सोडू का?"

माझे कान तापले. सासू म्हणाली, "सोड, सोड लवकर, तिचं पानी गेलं."

"कवा?"

"झाला अशीन एक घंटा."

त्यानंतर माझी जाऊ जशी बोंबलली तशी मी तिला आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. "कुलूप गेलं चुलीत! बसलेली आहे का ते? झोपवा तिले! आत्ता! कमरीखाली उशा द्या, डोक्स खाली! काकू, तुमी ॲम्ब्युलन्सले फोन करा, मामीच्या तोंडाकडं पाहू नोका! ऑटोत बसवसान तर लेकरू मरन! छोटी, आयकू येते का तुले? उठू नोको!"

आई जणू कुणीतरी परवानगी द्यायचीच वाट बघत होती. तिनं मला जमिनीवर लोटलंच जवळजवळ. उघडाउघडीत बाहेर काढलेल्या सगळ्या गाद्यागोधड्या माझ्या कमरेखाली आल्या. जाऊ फोनवरच होती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती एकच वाक्य म्हणत राहिली, उठू नोको, उठू नोको.

अकोल्यापर्यंतचा रस्ता मी उलटी लटकल्यासारखी पार केला. टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरीण आत हात घालून कुणावर तरी ओरडत होती. मुलगी झाली. लगेच रडली नाही. मी मोजत होते, चौदापर्यंत मोजलं, मग रडली. नंतर डॉक्टरीण म्हणाली, "नाळ हाताला लागत होती. झोपवून आणलं म्हणून वाचली. कुणी सांगितलं होतं?"

मी म्हणाले, घरच्यांनी.

सव्वा महिन्यानं अंजनगावला आले. जावेनं दारात माझ्यावरून आणि मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चेहरा कोरा. खोलीत कपाट उघडंच होतं. गाठोडं सुटलेलं, झबल्यांच्या घड्या लावलेल्या, आणि वर वहीच्या पानाची एक चिठ्ठी.

"तुझं आडवं आहे ते ऐकलं. माझं पण आडवंच होतं. मामी कोणाला सांगू देत नाही. पाणी गेलं तर चालू नको, बसू नको. कमरेखाली उशी घेऊन पडून राहा आणि गाडी बोलव. मला तीन तास घरी बसवलं होतं. कुलपं उघडत होते. पोरगा निळा निघाला होता."

मी ती चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले. दोन महिने ती माझ्या कुलपात होती.

बारशाला तेच चेहरे आले. पाळण्यापाशी एकीनं विचारलं, "नॉर्मल झालं का मंग?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूनं सुरुवात केली. कसं बाळ आडवं, कशी तिला कपाटाची आठवण झाली, कशी चावी कंडक्टरजवळ धाडली, आणि इकडं कुलूप उघडलं अन् तिकडं पोरगी वाचली. कापावं लागलं ते लागलं, पन जीव कुलपानं वाचला. बायांनी माना डोलावल्या. जाऊ घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती, आणि माझ्याकडं बघत होती. सरळ बघत होती.

मी पण मान डोलावली.

तिनं ताट उचललं आणि आत गेली.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला कुलपाची गोष्ट फार आवडते, शाळेतही सांगून आली आहे. परवा सकाळी ओसरीत जाऊ मेथी निवडत होती आणि मुलगी तिच्या पाठीवर लोंबकळत होती. "मोठी आई, ते कुलूप तूच उघडलं होतं न?"

"हो," जाऊ म्हणाली. मान वर केली नाही. "मीच उघडलं."

सासू बाजेवर बसून चहा पीत होती. मी दारात होते. काय झालं ते सांगता येणार नाही, पण मला माझाच इतका संताप आला की हातातली बादली मी आपटलीच. म्हणाले, कुलपानं कुणी वाचलं नाही. मग मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. हळदीकुंकवाच्या विनोदापासून सुरुवात केली, खिडकी, टाक्याची, सगळं. न उघडलेलं गाठोडं, फोनवर मी काय म्हणाले ते, आणि तो घंटा मीच थांबले होते, तेही. सासू मध्येच उठून आत गेली. मुलगी एकदा माझ्याकडं, एकदा तिच्या मोठ्या आईकडं बघत होती.

माझं संपलं तेव्हा जाऊ बराच वेळ मेथीच निवडत राहिली.

"एवढं बोलाले नऊ वर्ष लागले तुले," ती म्हणाली, आणि मेथीची अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली.